संगणकाला सेन्सर जोडताना: आधी शून्याची वायर, मग सिग्नल

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत भट्टीचे तापमान, थंड पाण्याचा दाब आणि वाळूचे वजन एकाच संगणकावर नोंदवायचे ठरले, की चर्चा बहुधा कार्ड (सेन्सरचा सिग्नल आकड्यांत बदलून संगणकाला देणारे उपकरण) कोणते घ्यावे आणि सॉफ्टवेअर कोणते वापरावे यावरच होते. प्रत्यक्षात चुकीच्या आकड्यांचे मूळ बहुतेक वेळा त्याआधी, म्हणजे सेन्सरला वीज कुठून मिळते आणि तिची शून्य व्होल्टची वायर कुठून परत येते, यात सापडते. म्हणून पहिले काम कागदावर करावे. प्रत्येक सेन्सरसाठी लागणारे व्होल्टेज, तो घेत असलेला करंट, त्याच्या आउटपुटचा प्रकार आणि त्याचे आवरण यंत्राच्या धातूला टेकते की नाही, या चार गोष्टी लिहून काढल्याशिवाय एकही वायर सोलू नये.

वीजपुरवठ्यासाठी २४ व्होल्ट डीसीचा स्वतंत्र एसएमपीएस (मेन्सच्या विजेपासून स्थिर डीसी व्होल्टेज बनवणारा पुरवठा) ठेवावा. कॉन्टॅक्टर (मोटरसारखा मोठा भार चालू-बंद करणारा विद्युत स्विच) आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (कॉइलने उघड-मीट होणारा व्हॉल्व्ह) ज्या पुरवठ्यावर चालतात, त्याच पुरवठ्यावर सेन्सर टाकण्याचा मोह होतो, परंतु कॉइल सुटताना उठणारा झटका मग थेट मोजमापात उतरतो. संगणकाच्या यूएसबी पोर्टवरून सेन्सर चालवणेही टाळावे, यूएसबी २.० पोर्टकडून ५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि त्यातला वाटा कार्ड स्वतःच घेते. सर्व सेन्सरच्या करंटची बेरीज करून एसएमपीएस त्याच्या दीडपट तरी क्षमतेचा घ्यावा आणि प्रत्येक शाखेला वेगळा फ्यूज द्यावा, म्हणजे एका केबलचे शॉर्ट झाल्याने सगळी नोंद बंद पडत नाही.

दाबाच्या ट्रान्समीटरसाठी (मोजलेला दाब करंटच्या रूपात पाठवणाऱ्या सेन्सरसाठी) ४ ते २० मिलिअँपिअरचा दोन वायरींचा लूप सर्वांत सोयीचा ठरतो, कारण वायर तुटली की करंट शून्य होतो आणि दोष ताबडतोब कळतो. एसएमपीएसचा धन, ट्रान्समीटर, २५० ओहमचा अचूक रेझिस्टर आणि परत ऋण असा हा मार्ग असतो. रेझिस्टरवर १ ते ५ व्होल्ट मिळतात. येथे व्होल्टेजचा हिशेब मात्र करावाच. ट्रान्समीटरला किमान १२ व्होल्ट लागत असतील, तर २० मिलिअँपिअरला रेझिस्टरचे ५ व्होल्ट वजा जाऊन २४ पैकी ७ व्होल्ट उरतात आणि त्यात तेवढ्याच रेझिस्टन्सचा आणखी एक इंडिकेटर बसतो, तिसरा बसत नाही. पुरवठा कमी पडला तर खालचे आकडे बरोबर येतात आणि वरचे एका ठिकाणी अडकतात. अशा वेळी निर्दोष ट्रान्समीटर बदलला जातो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

थर्मोकपलला (तापला की लहानसे व्होल्टेज देणाऱ्या, दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडाला) वीज लागत नाही, परंतु त्याचा सिग्नल इतका लहान असतो की सगळी काळजी तिथेच खर्ची पडते. के प्रकारचा थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. १६ बिटच्या कार्डवर उणे १० ते अधिक १० व्होल्टची रेंज ठेवली, तर एक पायरी (कार्डला ओळखता येणारा सर्वांत लहान फरक) सुमारे ३०५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे सात अंशांहून मोठी होते. म्हणून लहान रेंज असलेले किंवा खास थर्मोकपलसाठीचे मॉड्यूलच वापरावे. हेडपासून (थर्मोकपलच्या वरच्या टोकाच्या जोडणीच्या डबीपासून) पॅनेलपर्यंत त्याच प्रकारची कंपेन्सेटिंग केबल (थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंची केबल) न्यावी, साधी तांब्याची नव्हे. रंगांच्या बाबतीत सावध राहावे. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत मानक) पद्धतीत के प्रकारासाठी हिरवी वायर धन आणि पांढरी ऋण असते, तर अमेरिकन पद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण असते, आणि लाल म्हणजे धन ही सवय हाताला इतकी जडलेली असते की हमखास घोटाळा होतो. ही केबल एका टोकाला उलटी लागली तर तापमान वाढताना आकडा उतरतो आणि चूक लगेच दिसते. दोन्ही टोकांना उलटी लागली तर मात्र सगळे ठीक वाटते. हेड ६० अंशांवर आणि पॅनेल ३५ अंशांवर असेल, तर आकडा गुपचूप सुमारे ५० अंश कमी येतो.

गुऱ्हाळाच्या काहिलीसारख्या कमी तापमानाच्या कामाला पीटी१०० (तापमानाबरोबर रेझिस्टन्स बदलणारा, शून्य अंशाला १०० ओहमचा प्लॅटिनमचा सेन्सर) उत्तम. तो तीन वायरींचाच घ्यावा, कारण दोन वायरींत केबलचा प्रत्येक ओहम सुमारे अडीच अंशांची भर घालतो. लोड सेलची (वजनाच्या सेन्सरची) संवेदनक्षमता २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट असेल, तर १० व्होल्ट पुरवठ्यावर पूर्ण वजनाला केवळ २० मिलिव्होल्ट मिळतात. केबल लांब असल्यास सेन्सच्या (लोड सेलपाशी प्रत्यक्ष पोहोचणारे व्होल्टेज मोजणाऱ्या) दोन वायरींसह सहा वायरींची जोडणी करावी.

आता अर्थिंग. सेन्सरचे आवरण भट्टीच्या सांगाड्याला टेकलेले असेल आणि कार्डचा शून्यही लॅपटॉपच्या चार्जरमार्गे अर्थला लागलेला असेल, तर दोन ठिकाणच्या अर्थमधला फरक सिग्नलच्याच वायरीतून वाहू लागतो. एका फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस सुरू होताच तापमान वीस अंशांनी उडे; लॅपटॉपचा चार्जर काढताच ते स्थिर झाले. ही परीक्षा फुकट असल्याने प्रथम तीच करावी, परंतु उपाय म्हणून अर्थची पिन तोडणे जिवावर बेतू शकते. इलाज म्हणजे आयसोलेटेड मॉड्यूल (इनपुट आणि संगणक यांच्यात थेट विद्युत जोड नसलेले) किंवा आवरणाच्या धातूपासून वेगळा ठेवलेला थर्मोकपलचा जोड. इनपुट डिफरन्शियल (सिग्नलच्या दोन वायरींमधला फरक मोजणारे) ठेवावेत आणि कुठेच अर्थ नसलेल्या सेन्सरच्या ऋण टोकापासून कार्डच्या शून्यापर्यंत १० ते १०० किलोओहमचा रेझिस्टर लावावा. तो नसेल तर आकडा हळूहळू एका बाजूला सरकत जातो. पीळ दिलेल्या जोडीच्या केबलचे शील्ड (वायरींभोवतीचे धातूचे वेष्टन) फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करावे, आणि मोटरची किंवा ड्राइव्हची केबल ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात जंक्शन बॉक्सच्या ग्लँड (केबल आत शिरते तिथल्या घट्ट पकडणाऱ्या बुचऱ्या) खालच्या बाजूला ठेवाव्यात आणि केबलला आत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते.

नोंदीचा वेगही जोडणीइतकाच विचारपूर्वक ठरवावा. सेकंदाला १० नमुने घेतले आणि विजेची वारंवारता ४९.९ हर्ट्झ असली, तर तिची गुणगुण दहा सेकंदांच्या संथ लाटेसारखी दिसते आणि भट्टीच हेलकावे घेते आहे असे वाटते. सेकंदाला १००० नमुने घेऊन दर १०० नमुन्यांची सरासरी नोंदवली, म्हणजे त्यात ५० हर्ट्झची पाच पूर्ण आवर्तने बसतात आणि ही लाट नाहीशी होते.

शेवटी सेन्सरच्या जागी ज्ञात मूल्य देऊन प्रत्येक चॅनेल तपासावा: लूपसाठी कॅलिब्रेटरने (ठरवलेला करंट अचूक देणाऱ्या उपकरणाने) ४, १२ आणि २० मिलिअँपिअर, पीटी१०० साठी १०० ओहमचा अचूक रेझिस्टर, लोड सेलवर ठाऊक असलेले वजन. हीच तपासणी शेजारची मोठी मोटर चालू ठेवून पुन्हा करावी आणि दोन्ही वेळचे आकडे पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावेत.