'रेडी'च्या जागी भलतंच: कमोडोर ६४ च्या अक्षरांच्या चिपची दुरुस्ती

माझ्या दिरांनी १९८६ साली पश्चिम जर्मनीहून आणलेला कमोडोर ६४ हा घरगुती संगणक आमच्या माळ्यावर गौरींच्या मुखवट्यांच्या पेटीशेजारी तीसेक वर्षं पडून होता. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला. लावून पाहिला, तर निळा पडदा उजळला, फिकट निळी चौकट आली, कर्सर लुकलुकायला लागला. पण जिथे इंग्रजीत 'रेडी' उमटायला हवं, तिथे आर, डी, ॲट, डी, एक्स! वरच्या ओळीत 'कमोडोर'च्या जागी बी-एन-एल-एल-एन-डी-एन-आर-डी. पुढचे ६४ मात्र अगदी नीट.

घरच्यांनी 'गेला' म्हणून निकाल दिला. मी सत्तावीस वर्षं पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये काढली आहेत, त्यामुळे मला त्या पडद्याचा रागच येईना. इतका शिस्तीत चुकणारा आयसी (चिप) मेलेला नसतो. या यंत्रात ॲटचा क्रमांक ०, ए चा १, बी चा २, अशी अक्षरं मोजतात. आता बघा: आर १८, बरोबर. डी ४, बरोबर. ई ५, त्याचा झाला ४. ए १, त्याचा झाला ०. वाय २५, त्याचा २४. म्हणजे सम आकडे सुखरूप आणि प्रत्येक विषम आकडा एक पायरी खाली. कुठली तरी एकच तार शून्यावर अडकली होती. कुठली, तेही पडद्यावरच लिहिलेलं होतं.

ते वाचायचं कसं, आधी ते सांगते.

कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ मध्ये. त्यात अक्षरांची चित्रं एका वेगळ्या चिपमध्ये असतात: क्रमांक ९०१२२५-०१, चोवीस पाय, बोर्डावर नाव यू-५. आत ४०९६ बाइट. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ ठिपके, म्हणजे अक्षराला आठ बाइट. एकूण ५१२ चित्रं मावतात: एक संच मोठ्या अक्षरांचा आणि नक्षीचा, दुसरा छोट्या-मोठ्या अक्षरांचा. चित्र काढणारी व्हिक-टू चिप दर ओळीला यू-५ ला विचारते, 'अमुक अक्षराची तमुक ओळ दे.' हा प्रश्न ए-० ते ए-११ या बारा पत्त्याच्या तारांवरून जातो आणि उत्तर डी-० ते डी-७ या आठ तारांवरून येतं.

पहिल्या तीन तारा, ए-० ते ए-२, ओळ निवडतात. त्यात बिघाड असेल तर अक्षर ओळखू येतं, पण ओळी दुप्पट होतात किंवा वरखाली होतात, जणू पापड वाळताना दुमडला. ए-३ ते ए-१० अक्षर निवडतात. इथे बिघाड झाला तर अक्षरं सुबक दिसतात, फक्त भलतीच असतात. ए-११ संच निवडते. ती अडकली तर कमोडोरची कळ आणि शिफ्ट एकदम दाबूनही छोटी अक्षरं येत नाहीत. आणि उत्तराची एखादी तार गेली, तर प्रत्येक खणात एकच उभी रेघ कायम भरलेली किंवा कायम गायब. डावीकडची पहिली रेघ डी-७ ची, उजवीकडची शेवटची डी-० ची. मोकळी जागा हेसुद्धा या चिपच्या लेखी एक अक्षरच आहे, त्यामुळे कायम भरलेली रेघ असली तर रिकाम्या पडद्यावर ४० उभ्या दोऱ्या ताणल्यासारख्या दिसतात.

सम-विषम गोंधळ म्हणजे अक्षराच्या क्रमांकाचा सर्वांत खालचा बिट (शून्य-एकच्या भाषेतला एककाचा अंक), म्हणजे ए-३. चिपच्या खाचेपासून डाव्या बाजूने मोजलं तर पाचवा पाय. (एक ते आठ हे पाय ए-७ पासून उतरत ए-० पर्यंत आहेत.)

पण पेचकस हातात घेण्याआधी वीजपुरवठा मोजा. हे मी आधी सांगायला हवं होतं. कमोडोरच्या विटेसारख्या जुन्या काळ्या अडॅप्टरमध्ये आत डांबरासारखा मसाला ओतलेला असतो. ती वीट म्हातारी झाली की ५ व्होल्टच्या जागी जास्त देऊ लागते आणि रॅमचे आयसी एकेक करून उडवते. मल्टिमीटरवर ५.२५ च्या वर काही दिसलं तर ती वीट यंत्राला लावूच नका. मी उत्साहात न मोजता लावली होती. वाचले, एवढंच.

आता खात्री. तीन जणांवर संशय असतो: यू-५ स्वतः, तिला 'आता तू बोल' असं सांगणारी पीएलए चिप यू-१७, आणि व्हिकने पाठवलेला पत्ता धरून ठेवणारा ७४एलएस३७३, म्हणजे यू-२६. पडद्यावर अक्षरं वाचता येत नसली तरी यंत्र टाइप केलेलं ऐकतं. आधी पोक ५३२८०,० टाइप करून रिटर्न दाबा (पोक म्हणजे मेमरीच्या त्या पत्त्यावर आकडा लिहिणं, पीक म्हणजे तिथला आकडा वाचणं). चौकट काळी झाली तर प्रोसेसर, बेसिक (यंत्राची प्रोग्रॅमिंगची भाषा), कीबोर्ड सगळे धडधाकट आहेत. मग हा छोटा प्रोग्रॅम देऊन चालवा. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

१० पोक ५६३३४, पीक(५६३३४) अँड २५४
२० पोक १, पीक(१) अँड २५१
३० ए = पीक(५३२५६)
४० पोक १, पीक(१) ऑर ४
५० पोक ५६३३४, पीक(५६३३४) ऑर १
६० पोक ५३२८०,२ : इफ ए=२४ देन पोक ५३२८०,५

दहावी ओळ कीबोर्डची टिकटिक थांबवते, विसावी ओळ अक्षरांची चिप प्रोसेसरसमोर आणते, तिसावी 'ए' या अक्षराची सर्वांत वरची ओळ वाचते. ती २४ असायला हवी. ठिपक्यांच्या भाषेत मधले दोन दिवे पेटलेले, म्हणजे 'ए' चं टोक. २४ मिळालं तर चौकट हिरवी, नाहीतर लाल. निकाल चौकटीच्या रंगात मागायचा, कारण अक्षरांवर भरवसाच नाही ना!

हिरवी झाली आणि तरीही पडद्यावर गोंधळ असला, तर यू-५ निर्दोष आहे. प्रोसेसरला ती नीट उत्तर देते, व्हिकला देत नाही, म्हणजे मधल्या यू-२६ कडे बघा. तो ७४एलएस३७३ आजही सहज मिळतो. लाल झाली तर यू-५ किंवा तिचं सॉकेट. सगळ्याच खणांत नुसता चिवडा दिसत असेल, तर पीएलएचा पंधरावा पायही तपासा. यू-५ ला जाग आणणारा इशारा तिथूनच निघतो.

माझी चौकट लाल झाली.

बोर्डावर चिप सॉकेटमध्ये होती, हे नशीब. थेट डाखलेली असेल तर घाई करू नका. प्रत्येक पायाला नवं सोल्डर द्या, मग पंपाने ओढा, आणि पाय हलायला लागल्याशिवाय चिप उचलू नका. या बोर्डांवरच्या तांब्याच्या पट्ट्या कागदासारख्या निघतात. आणि नायलॉनची साडी किंवा लोकरीचा स्वेटर घालून या कामाला बसू नका. सुती नेसा, आणि चिपला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा.

चिपचे पाय काळे पडले होते, वापरात नसलेल्या चांदीच्या पैंजणासारखे. फायबरच्या पेनाने किंवा शाई खोडायच्या कडक रबराने ते पुसा. पॉलिश पेपर नको, कारण मुलामा निघतो आणि सहा महिन्यांत पुन्हा तीच कथा. नऊ वेळा दहामध्ये काम इथेच संपतं: पाय पुसले, सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, चिप दोन-तीनदा आतबाहेर केली, झालं.

माझी ही दहावी वेळ. चिप उचलताना मी एकाच बाजूने पेचकस घातला (विद्यार्थ्यांना जन्मभर 'दोन्ही बाजूंनी थोडं थोडं' म्हणत आले!) आणि पाचवा पाय सॉकेटमध्येच राहिला. नीट पाहिलं तर तो खांद्याशी आधीच तडकलेला होता, आतून हिरवट. म्हणूनच ए-३ लटकत होती. म्हणूनच बोट जवळ नेलं की पडद्यावरची अक्षरं थरथरायची, आता कळलं.

पाय खांद्याशी तुटला तरी चिप फेकू नका. धातू काळ्या प्लास्टिकच्या आतपर्यंत गेलेला असतो. मी नखांची बारीक कानस घेतली आणि जिथून पाय निघतो तिथलं प्लास्टिक हळूहळू, भिंगातून बघत, मिलिमीटरभर घासलं. राखाडी भुकटी पडत राहते आणि मग अचानक एक चमकदार चौकोनी ठिपका दिसतो, तिळापेक्षा लहान. तिथे थांबायचं. आणखी खोल गेलात तर आतल्या केसासारख्या तारेपर्यंत पोचाल, आणि मग खरंच संपलं.

मग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेलं गोल पायांचं चोवीस पायांचं सॉकेट घेतलं आणि त्यात चिप तेवीस पायांवर बसवली. रेझिस्टरचा कापलेला पाय एका टोकाला सॉकेटच्या पाचव्या भोकात आणि दुसऱ्या टोकाला त्या ठिपक्याशी टेकवला. फ्लक्स लावला, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने दोन सेकंद डाग दिला. दोनच. पहिल्या डागाचा गोळा झाला, तर निवू दिलं आणि परत केला. आता हे सॉकेटच चिपचे नवे पाय झाले. पुढे कधी काढायची वेळ आली तर बोर्डाच्या सॉकेटशी झटापट याची होईल, चिपच्या म्हाताऱ्या पायांना हात लागणार नाही. उंची वाढते, वरचं झाकण लागतंय ना तेवढं पाहा.

प्रोग्रॅम परत चालवला. हिरवी.

इथे थांबलात तरी चालेल. मी थांबले नाही, कारण असा जोडलेला पाय किती पावसाळे काढेल, कोण सांगणार. चिप बोलते आहे तोवर तिच्यातला मजकूर काढून ठेवा. मी माझ्या ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप) प्रोग्रॅमरवर प्रकार '२५३२' निवडून ती वाचली, कारण दोघांचे पाय जुळतात. फक्त 'वाचा' दाबायचं. चुकून 'लिहा' दाबलंत तर २५ व्होल्ट जातील आणि इतकी मेहनत पाण्यात. दोनदा वाचा, दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत का पाहा, आणि नवव्या बाइटपासून २४, ६०, १०२, १२६, १०२, १०२, १०२, ० हा क्रम शोधा. तोच 'ए'.

नवीन चिप करायची तर २५३२ मिळाला तर उत्तम, तो थेट बसतो. पण हाताशी बहुधा २७३२ असतो, आणि तो सरळ बसत नाही. जुन्या चिपमध्ये ए-११ अठराव्या पायावर आहे, २७३२ मध्ये एकविसाव्या. म्हणून २७३२ चे १८ आणि २१ हे दोन पाय बाहेर वाकवा. एकविसावा तारेने सॉकेटच्या अठराव्या भोकाला न्या, अठरावा स्वतःच्याच विसाव्या पायाला जोडा. बाकी बावीस पाय आपापल्या जागी. वेग २५० नॅनोसेकंद किंवा त्याहून कमी आकड्याचा घ्या. आणि २७३२ ला लिहायला २५ व्होल्ट लागतात, २७३२ए ला २१. स्वस्त प्रोग्रॅमर बऱ्याचदा इतके देत नाहीत, तेव्हा विकत घेण्याआधी विचारा.

जुना वापरलेला ईप्रॉम मिळाला तर त्याच्या काचेच्या खिडकीतून अतिनील दिव्याने पंधरा-वीस मिनिटांत तो पुसला जातो. दिवा नसेल तर डेटाशीटनुसार थेट उन्हात साधारण आठवडा. मी एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडयांच्या शेजारी दोन ठेवले होते. एक पुसला गेला, दुसरा कावळ्याने नेला. लिहून झाल्यावर खिडकीवर जाड स्टिकर लावायला विसरू नका.

दुसऱ्या यंत्रांबद्दल थोडक्यात. कमोडोरच्याच व्हिक-२० मध्येही ४ केबीची अशीच चिप असते, निदानाची रीत हीच. पीईटीमध्ये २ केबीची. सुरुवातीच्या ॲपल-टू मध्ये २५१३ नावाची चिप आहे, तिच्यात फक्त ६४ अक्षरं, छोटी लिपी नाहीच. झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये मात्र अशी वेगळी चिप शोधत बसू नका. तिथे अक्षरं मुख्य १६ केबी रॉमच्या शेपटीला आहेत.

आता नव्या ईप्रॉममध्ये काय भरायचं, हे तुमच्या हातात. मूळ मजकूर भरलाच, पण दुसऱ्या संचात मी देवनागरी घालायला बसले आणि तीन रात्री गेल्या. इंग्रजी अक्षरांच्या खणात कडेला रिकामी जागा सोडतात. आपल्याला शिरोरेषा या खणातून त्या खणात जोडलेली हवी, म्हणजे ती ओळ पूर्ण भरलेली, २५५. शिरोरेषा अगदी वरच्या ओळीत काढली तर मात्रांना जागा उरत नाही, म्हणून ती तिसऱ्या ओळीत आणली. अक्षराच्या अंगाला राहिल्या पाच ओळी. क्ष आणि ज्ञ अजूनही झुरळासारखे दिसतात, ते मी मान्य करते. ग मात्र पहिल्या फटक्यात जमला: ०, ०, २५५, ३६, ३६, ३६, १००, ४.

ईप्रॉम न करताही हा ग बघता येतो. हे आठ आकडे १२२९६ पासून पुढे एकेक करून पोक करा, मग पोक ५३२७२,२८. बाकी सगळ्या पडद्यावर रॅममधला कचरा दिसेल, घाबरू नका. ए ची कळ दाबा, ग उमटेल. परत यायला रन-स्टॉप आणि रिस्टोअर एकदम. रिस्टोअर जरा जोरात दाबावी लागते, आमची तर ठोसाच मागते.