अर्नेस्ट वॉल्टन यांची गोष्ट मुलांना सांगताय? या चुका टाळा

"अणू फोडणारे आयरिश शास्त्रज्ञ" अशी ओळख करून दिली, की मुलं हमखास विचारतात, "म्हणजे त्यांनी बॉम्ब बनवला?" भाचीला गोष्ट सांगताना माझंही तेच झालं आणि वॉल्टन बाजूलाच राहिले. तेव्हापासून मी "फोडला" हा शब्द सुरुवातीला वापरत नाही. तरीही प्रश्न आलाच, तर टाळू नका. बॉम्बमागचं युरेनियमचं विखंडन, म्हणजे त्याचं केंद्रक (अणूचा मधला गाभा) फुटणं, १९३८च्या अखेरीस समोर आलं. वॉल्टन यांचा प्रयोग त्याआधीचा, १९३२चा. त्यात साखळी प्रक्रिया, म्हणजे एक केंद्रक फुटलं की पुढची आपोआप फुटत जाणं, नव्हती. लिथियम या हलक्या धातूवर कोट्यवधी प्रोटॉन (केंद्रकातले धनभारित कण) सोडावेत, तेव्हा कुठे एखादं केंद्रक दुभंगायचं.

दुसरी चूक हातोड्याची. खडू किंवा अक्रोड फोडून दाखवला की मुलांच्या डोक्यात तुकडे आणि चुरा बसतो. इथे तर प्रोटॉन आधी केंद्रकात शिरतो. त्यापेक्षा स्वयंपाकघरातून राजमा आणि काबुली चणे आणा. राजमा म्हणजे प्रोटॉन, चणा म्हणजे न्यूट्रॉन, केंद्रकातला भार नसलेला कण. ३ राजमे आणि ४ चणे एका वाटीत ठेवा: हे लिथियम. आता त्यात आणखी एक राजमा टाका. झाले ४ आणि ४. मुलांना सांगा, याच्या दोन सारख्या वाटण्या करा. प्रत्येकीत २ राजमे, २ चणे येतात, आणि ते असतं हेलियमचं केंद्रक! एका मूलद्रव्यातून दुसरं झालं, हे मूल स्वतःच्या हातांनी करतं. तो क्षण घाईत घालवू नका.

इथे चुणचुणीत मूल विचारेल, "मग लाखो व्होल्ट कशाला लागले?" दोन चुंबकांची सारखी टोकं त्याच्या हातात द्या आणि जवळ आणायला सांगा. प्रोटॉन आणि केंद्रक दोन्ही धनभारित, म्हणून एकमेकांना असंच ढकलतात. ते ढकलणं सोसून आत जायला प्रोटॉनला जबर वेग हवा. त्यासाठी वॉल्टन आणि त्यांचे सहकारी जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काही लाख व्होल्टचं यंत्र उभारलं.

राजमे-चण्यांचा हिशेब आठाला आठ जुळला, म्हणून वस्तुमानही जुळलं असं मात्र सांगू नका. हेलियमच्या दोन केंद्रकांचं वस्तुमान किंचित कमी भरतं, हजारात साधारण दोन भाग. ती तूट ऊर्जा होऊन बाहेर पडते. आइन्स्टाइन यांचं प्रसिद्ध समीकरण इथे मोजून पडताळता आलं. लहानांना एवढंच पुरे. आठवी-नववीच्या मुलांना आकडेमोड करू द्या.

"जगात पहिल्यांदा" म्हणतानाही जपून. किरणोत्सारी पदार्थांतून आपसूक निघणाऱ्या अल्फा कणांनी नायट्रोजनचं केंद्रक बदलल्याचं वॉल्टन यांचे प्रमुख अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९१९मध्येच मांडलं होतं. कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या कणांनी केंद्रक दुभंगणारे पहिले म्हणजे वॉल्टन आणि कॉकक्रॉफ्ट. नावं दोन्ही घ्या. १९५१चं भौतिकशास्त्राचं नोबेलही दोघांना मिळून होतं.

आणि खरी गोष्ट गाळू नका. १४ एप्रिल १९३२ला वॉल्टन एकटेच यंत्राशी होते. यंत्र सुरू ठेवून ते जमिनीवरून सरपटत, यंत्राखालच्या, शिशाने मढवलेल्या छोट्या खोपट्यात शिरले आणि सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर प्रकाशाचे बारीक ठिपके लुकलुकत होते. त्यांनी कॉकक्रॉफ्टना बोलावलं, मग रदरफर्डना. धिप्पाड रदरफर्डना त्या खोपट्यात अंग चोरून बसावं लागलं. "त्यांनी अणू डोळ्यांनी पाहिला का?" असं मुलं विचारतात. नाही, कण पडद्यावर आदळला की होणारी लकाकी तेवढी पाहिली. खोलीत अंधार करून हा प्रसंग सांगा, मुलं श्वास रोखून ऐकतात.

बालपणही दोन ओळींत उरकू नका. १९०३मध्ये वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगार्व्हनला जन्म. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, दर काही वर्षांनी बदली, म्हणून नवं गाव, नवी शाळा. बदलीच्या नोकरीतल्या आईबाबांची मुलं इथे लगेच बोलू लागतात.

शेवट १९३२वर करू नका. १९३४मध्ये वॉल्टन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात परतले. नोबेल मिळालं तेव्हाही ते तिथेच विद्यार्थ्यांना शिकवत होते, आणि निवृत्तीपर्यंत शिकवत राहिले.