आईच्या माहेरच्या नावापासून सुरुवात करा

हंगेरीत परत जायचं मनात आलं की माणूस आधी विमानाचं भाडं बघतो. मी सांगेन, आधी एक कागद घ्या आणि त्यावर आईचं लग्नाआधीचं नाव, गाव आणि जन्मसाल लिहा. आजीचं ठाऊक असेल तर तेही. तिथे जवळजवळ प्रत्येक सरकारी फॉर्मवर ‘अन्या नेवे’, म्हणजे आईचं नाव, विचारतात आणि ते माहेरचंच लागतं. शाळेच्या दाखल्यापासून नावात वडिलांचं नाव लावत आलेली मी, पहिल्यांदा त्या रकान्यापाशी आले तेव्हा पेन हातात धरून नुसती बसून राहिले. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि कुणीतरी तिचं नाव विचारत होतं.

माझा जन्म 1966 चा, हंगेरीतल्या सेगेद शहरातला. वडील पुण्याचे, तिकडे शिकायला गेलेले, आई सेगेदचीच. मी सहा वर्षांची असताना आम्ही पुण्याला आलो, आणि मी परत गेले ती वयाच्या 52 व्या वर्षी. खाली लिहिलंय ते या फेऱ्यांमध्ये शिकलेलं आहे.

कागदावर नावं लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. आडनाव आधी येतं, त्याची आपल्याला सवय आहेच. पण जुन्या पिढीतल्या लग्न झालेल्या बाईचं नाव नवऱ्याच्या नावाला ‘ने’ जोडून होतं. कोवाच इश्त्वानची बायको म्हणजे ‘कोवाच इश्त्वानने’, बस्स. तिचं स्वतःचं नाव त्यात कुठेच नसतं. माझ्याकडे आजीची बारा पत्रं होती, सगळ्यांवर हेच असं नाव. अशा वेळी लग्नाची नोंद शोधायची, तिथे माहेरचं नाव सापडतं. दुसरं म्हणजे अक्षरांवरच्या रेघा जशाच्या तशा उतरवून घ्या. आखूड दोन टिंबं आणि लांब दोन रेघा ही वेगळी अक्षरं आहेत.

हंगेरीत सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदी 1 ऑक्टोबर 1895 पासून सुरू झाल्या. त्याआधीचं हवं असेल तर चर्चच्या किंवा सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, वह्या, म्हणून घराण्याचा धर्म आणि पंथ माहीत असावा लागतो. गावाबरोबर जिल्हाही विचारून ठेवा, सारख्या नावाची गावं पुष्कळ आहेत. आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या, 1920 च्या त्रियानोन तहात हंगेरीचा जवळपास दोन तृतीयांश मुलूख गेला, त्यामुळे आजोळ कोलोझवारचं असेल तर ते आज रोमानियातलं क्लुज आहे, पोझोनचं असेल तर स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा.

जुन्या पत्त्यांवरही डोळे झाकून विसंबू नका. समाजवादी राजवट गेल्यावर रस्त्यांची नावं बदलली. आई ज्या बाजाराला कायम ‘मार्क्स तेर’ म्हणायची, तो चौक आता ‘मार्स तेर’ आहे. तिची ‘पॅरिस’ नावाची सडक मात्र तशीच सापडली. 1879 च्या महापुरात सेगेद जवळजवळ सगळं वाहून गेलं, तेव्हा ज्या शहरांनी मदत पाठवली त्यांची नावं तिथल्या रिंगरोडच्या तुकड्यांना दिली आहेत. लहानपणी मला वाटायचं आई खरोखरच पॅरिसमध्ये राहिलेली आहे.

आता नागरिकत्व. इथे घाई नको, कारण वाटा दोन आहेत. आई हंगेरियन नागरिक आणि तुमचा जन्म 1 ऑक्टोबर 1957 नंतरचा, तर तुम्ही बहुधा जन्मापासूनच नागरिक आहात. तुम्हाला अर्ज करायचा तो ते सिद्ध करण्याचा. पूर्वज त्याहून मागचे असतील तर 2011 पासून सुरू झालेली सोपी पद्धत आहे. तिच्यात हंगेरीत राहण्याची अट नाही, पण अधिकाऱ्याशी हंगेरियनमध्ये बोलता आलं पाहिजे आणि शेवटी शपथ घ्यावी लागते. परदेशात झालेली लग्नं आणि घटस्फोट तिकडे नोंदवायचं विसरू नका, माझे चार महिने त्यातच गेले. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. हंगेरियन पासपोर्ट घेतलात की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मी दोन वर्षं विचार करून मग सही केली. तेवढा वेळ तुम्हीही घ्या.

पण खरं काम भाषेचं. घरी बोलत होतो म्हणून आपल्याला भाषा येते, असं धरून चालू नका. माणूस ज्या वयात देश सोडतो त्या वयाची त्याची भाषा राहते. मला गोगलगाय, डबकं, झोका, सगळं येत होतं. मुखत्यारपत्र, हप्ता, वारस येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका कचेरीत खिडकीवरच्या मुलीला मी ‘चोकोलोम’ म्हणाले. हे लहान मुलांनी मोठ्यांना करायचं अभिवादन आहे, आणि ती माझ्या मुलीच्या वयाची. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग एकेक शब्द तोडून, लहान मुलाला समजावतात तसं बोलायला लागली. ती चुकली नाही, मी सहा वर्षांची होऊनच तिच्यासमोर उभी होते. बाहेर येऊन ट्रामच्या थांब्यावर बराच वेळ बसले.

म्हणून आधी अभिवादनं मोठ्यांची करा. दिवसा ‘यो नपोत किवानोक’, अनोळखी सगळ्यांना. तू आणि तुम्ही यांचा भेद आपल्यासारखाच पक्का आहे. ‘तू’वर यायचं ते वयाने मोठ्या माणसाने किंवा बाईने सुचवल्यावर, आपण होऊन नाही. शेजारच्या वयस्कर बाईंच्या नावानंतर ‘नेनी’ आणि गृहस्थांच्या नावानंतर ‘बाची’ लावलंत की आपल्या मावशी-काकांसारखं काम होतं.

व्याकरणाला लोक उगाच भितात. मराठी माणसाला त्यातलं बरंचसं ओळखीचं आहे. ‘हाझ’ म्हणजे घर, ‘हाझबन’ घरात, ‘हाझबोल’ घरातून, ‘हाझनक’ घराला. प्रत्यय मागेच लागतो. लिंगं तर नाहीतच, माणसासाठी ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींना एकच शब्द. अडतं ते क्रियापदापाशी: ‘एक घर दिसतंय’ म्हणताना ‘लातोक’ आणि ‘ते घर दिसतंय’ म्हणताना ‘लातोम’. यावर सहा महिने द्या. देब्रेत्सेन शहरात 1927 पासून परदेशस्थांसाठी उन्हाळी वर्ग चालतात. तिथे किंवा कुठेही गेलात तर शिक्षकांना पहिल्या दिवशी सांगा की मला ऐकलेलं कळतं, वाचता-लिहिता येत नाही. नाहीतर नवशिक्यांमध्ये बसवतात आणि तुम्ही कंटाळून सोडता.

बोलीची लाज वाटू देऊ नका. प्रमाण भाषेत माणसाला ‘एम्बेर’ म्हणतात. सेगेदकडे त्यातल्या दुसऱ्या ‘ए’चा ओठ गोल करून ‘ओ’कडे झुकणारा उच्चार होतो. आई तसंच बोलायची, म्हणून मीही. मार्स तेरच्या बाजारात लाल मिरचीची पूड विकणाऱ्या आजींना मी भाव विचारला, तशी पुडी बांधता बांधता त्यांचे हात थांबले. माझा सावळा चेहरा बघून म्हणाल्या, “तुझी आई कुठल्या आळीतली गं?” मी आळी सांगितली. त्यांनी पुडी पुन्हा उघडली आणि आणखी एक चमचा पूड घातली.

कबरीकडे मात्र वेळेवर बघा. हंगेरीत कबरीची जागा कायमची नसते. शवपेटीसह दफन असेल तर हक्क 25 वर्षांचा, पुढे पैसे भरून वाढवावा लागतो. कुणी वाढवला नाही तर सूचना देऊन जागा दुसऱ्याला देता येते. आजीच्या कबरीची मुदत संपायला सात महिने राहिले होते. स्मशानभूमीच्या कार्यालयात मृत्यूचं साल, नाव आणि तुमचं नातं दाखवणारे कागद घेऊन जा. जमलं तर 1 नोव्हेंबरच्या आधी जा. त्या दिवशी सगळं गाव शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन येतं, तेव्हा कार्यालयात कुणाला फुरसत नसते.

दगडावर आजीचं नाव नव्हतं. आजोबांचं नाव, आणि त्याखाली तेच नाव ‘ने’ लावून. मुदत वाढवल्यावर हक्क माझ्या नावावर झाला, म्हणून मला दगडावर अक्षरं वाढवता आली. लग्नाच्या नोंदीची प्रत घेऊन मी पाथरवटाकडे गेले. त्याने ती उजेडात धरली, बोटाने एका अक्षरावरच्या रेघा मोजल्या आणि विचारलं, “ही लांब ना?” मी म्हटलं, लांब.