ओपन सोर्स प्रोजेक्टचे नियम लिहायला बसताय? आधी एवढं जमवा

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा प्रोजेक्ट चालवताना, सगळे एकमेकांशी नीट बोलतायत तोवरच नियम लिहून घ्या, कारण भांडण पेटल्यावर लिहिलेला नियम कितीही चांगला असला तरी कुणावर तरी रोखलेलाच वाटतो.

सगळ्यात आधी चाव्या कुणाकडे आहेत ते लिहा. रेपोचा (कोड जिथे ठेवलाय त्या जागेचा) अ‍ॅडमिन कोण, डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या कार्डवरून रिन्यू होतं, पॅकेज पब्लिश करायचं अकाउंट कुणाचं, रिलीजवर, म्हणजे लोकांना वापरायला दिलेल्या आवृत्तीवर, सही करायची डिजिटल की कुणाच्या लॅपटॉपवर आहे. प्रत्येकापुढे दोन नावं हवीतच. एकच नाव असेल तिथे थांबा, दुसरा माणूस शोधा, टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड त्याच्याकडेही आहेत ना बघा, मग पुढे.

मग मेंबर म्हणजे कोण ते ठरवा. नुसता कोड लिहिणारा नाही हं, डॉक्युमेंटेशन, भाषांतर, बगची छाननी करणाऱ्यांनाही मत हवं. डेबियन या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टने २०१० मध्ये मतदान घेऊन पॅकेजिंग न करणाऱ्यांनाही पूर्ण सभासद करून घ्यायचं ठरवलं, ते मला फार पटतं. पण मत देण्याचा हक्क वेगळा, मर्जचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घ्यायचा, वेगळा, रिलीजचा वेगळा, हे तिन्ही एकत्र वाटून टाकू नका. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलच्या प्रकरणात काय झालं? दोन वर्षांहून जास्त काळ चांगले पॅच (कोडमधले बदल) पाठवणारा माणूस हळूहळू मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, झाला, थकलेल्या मूळ मेंटेनरवर बाकीची अकाउंट्स घाई करत होती, आणि शेवटी रिलीजमध्येच बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, घुसला. म्हणून लिहूनच ठेवा की दबाव आला म्हणून कुणाला हक्क द्यायचे नाहीत, आणि रिलीज दुसऱ्याने तपासल्याशिवाय जाणार नाही.

निर्णय कसे घ्यायचे यासाठी अपाचे या ओपन सोर्स संस्थेची पद्धत बघा, प्रस्ताव मांडायचा, निदान ७२ तास थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर. वेळ एवढा लागतोच, लोक नोकरी सांभाळून वेगवेगळ्या टाइमझोनमधून येतात. कोड बदलाला नकार द्यायचा तर तांत्रिक कारण द्यायचं, नाहीतर तो नकार धरायचा नाही, हेही तिथूनच घ्या.

प्रमुख एकच असेल तर तो गेल्यावर काय, हे आजच ठरवा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तिचे जनक आणि प्रमुख गिडो व्हॅन रोसम जुलै २०१८ मध्ये बाजूला झाले, वारसही नेमला नाही, मग पुढची व्यवस्था ठरायला डिसेंबर उजाडला आणि पाच जणांची स्टीअरिंग कौन्सिल आली. त्यातला एक नियम जसाच्या तसा उचला, एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक कौन्सिलवर नाहीत.

जाण्याचा रस्ताही लिहा, हा बहुतेक जण विसरतात. समजा वर्षभर काहीच हालचाल नाही, तर आधी मेसेज करून विचारा, उत्तर नाही आलं तर हक्क काढा पण नाव माजी मेंटेनर म्हणून राहू द्या, आणि परत यायचं असेल तर काय करायचं ते तिथेच सांगा. ही शिक्षा नाही, वापरात नसलेलं अकाउंट हॅक झालं तर सगळ्यांनाच त्रास होतो.

आचारसंहिता कॉन्ट्रिब्युटर कोव्हनंट या नावाने तयार मिळते, फक्त त्यात संपर्काची जागा रिकामी असते ती भरा, तशीच सोडलेली खूप रेपोंमध्ये दिसते. तक्रार घेणारे दोघं हवेत, म्हणजे त्यातल्या एकाबद्दलच तक्रार आली तर दुसऱ्याकडे जाता येतं. लायसन्ससाठी प्रत्येक बदलाखाली साइन-ऑफची, म्हणजे ‘हा कोड द्यायचा मला हक्क आहे’ अशी नावानिशी हमी देणारी, ओळ पुरते, लिनक्स कर्नल २००४ पासून तेच करतंय. पैसे येत असतील तर हिशोब सगळ्यांना दिसेल असा ठेवा.

आणि नियम बदलायचा नियम. डेबियनमध्ये घटना बदलायला तीनास एक बहुमत लागतं, लहान प्रोजेक्टला दोन तृतीयांश पुरे. हे सगळं एका फाईलमध्ये रेपोतच टाका, आत्ताच्या प्रत्येक मेंटेनरचा होकार ती फाईल टाकायच्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल आत घ्यायच्या विनंतीवर, घ्या, मग मर्ज करा.