रास्पबेरी: आधी वाण विचारा, मग कात्री घ्या

स्कॉटलंडमधल्या डंडी-पर्थकडच्या मराठी मंडळींकडून मला हमखास येणारा प्रश्न असा: "ताई, रास्पबेरी पुरुषभर वाढलीय, पण फळच धरत नाही." बहुतेक वेळा चूक छाटणीत सापडते. म्हणून रोपं घेतानाच विचारा, वाण उन्हाळी आहे की शरदातला.

रास्पबेरीची मुळं वर्षानुवर्षं टिकतात, पण जमिनीतून वर आलेली काठी फार तर दोन वर्षं जगते. 'ग्लेन अँपल' हा उन्हाळी वाण. त्याची काठी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी जूनअखेरीपासून फळते आणि मग वाळते. 'ऑटम ब्लिस' मात्र त्याच वर्षीच्या नव्या काठीवर, शेंड्याकडे, ऑगस्टपासून फळतं. त्यामुळे शरदातल्या वाणाच्या सगळ्या काठ्या फेब्रुवारीत बिनधास्त जमिनीलगत कापा. उन्हाळी वाणाला हेच केलंत तर वर्षाचं पीक गेलं. तिथे तोडा संपल्यावर फळून गेलेल्या तपकिरी, साल सुटलेल्या काठ्याच काढायच्या. हिरव्या काठ्यांतल्या जोमदार तेवढ्या ठेवून तारेला ८-१० सेंटीमीटरवर एकेक बांधायची. नाशिककडे द्राक्षाची खरडछाटणी आणि फळछाटणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कात्रीची वेळ काय असते हे सांगायला नको.

लागवड नोव्हेंबर ते मार्च, उघड्या मुळांच्या रोपांची. दोन रोपांत ४५ सेंटीमीटर ठेवा, मुळं आडवी पसरा आणि वर जेमतेम ५ सेंटीमीटर माती ओढा. खोल पुरलेल्या रोपाला फुटवे येत नाहीत. जमीन किंचित आम्लधर्मी हवी आणि पाण्याचा निचरा तर हवाच, कारण साचलेल्या पाण्यात मूळकूज लागते आणि त्यावर घरगुती इलाज नाही. माती चिकट असेल तर सरळ उंच वाफा करा. टे नदीच्या या खोऱ्यात उन्हाळा सौम्य, दिवस लांब, म्हणून इथली रास्पबेरी नावाजलेली. 'ग्लेन' नावाचे वाण डंडीजवळच्या इन्व्हरगाउरीच्या संशोधन केंद्रातलेच. रास्पबेरी आणि ब्लॅकबेरीचा संकर असलेली टेबेरीही तिथलीच, १९७९ मध्ये आलेली. तीही एकदा खाऊन बघा.

तोडताना फळ चिमटीत धरून अगदी हलकं ओढा. पिकलेलं असेल तर पांढरा दांडा झाडावरच राहतो आणि हातात पोकळ टोपी येते. दांडा सोडत नसेल तर राहू द्या, तोडल्यावर ते गोड होणार नाही. त्या पोकळीत डोकावून बघा, कधीकधी आत बारीक अळी असते. पाऊस पडून गेल्यावर लगेच तोडू नका, ओल्या फळाला दुसऱ्या दिवशी बुरशी येते. धुवायचं ते खाताना. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्याहून जास्त ठेवायचं तर ताटात सुटी पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरा.

१०० ग्रॅममध्ये साधारण ५२ कॅलरी, साखर पाच ग्रॅमच्या आत, तंतू साडेसहा ग्रॅम आणि क जीवनसत्त्व सुमारे २६ मिलिग्रॅम. तंतूंचा मोठा वाटा बियांत असतो, म्हणून गाळून बिया टाकून देणं मला पटत नाही.

जॅम सोपा आहे: फळाच्या वजनाइतकी साखर, मोठ्या आचेवर थोडा वेळ. पण माझ्या मते या फळाचं खरं सोनं श्रीखंडात होतं. २०० ग्रॅम रास्पबेरी दोन चमचे साखर घालून पळीला चिकटेपर्यंत आटवा आणि पूर्ण गार करा. अर्धा किलो घट्ट चक्का नेहमीसारखा साखर घालून फेटा, साखर मात्र जरा हात राखून. वाढायच्या अर्धा तास आधी गर घालून दोनचारदाच ढवळा, गुलाबी रेघा दिसल्या पाहिजेत. आधीपासून कालवून ठेवलं तर पाणी सुटतं. वेलदोडा चिमूटभर चालतो. केशर नको, रास्पबेरीचा वास त्याखाली दबतो.