सुपरहिरोचा गेम मुलांसाठी घेताय? या चुका टाळा

"स्पायडर-मॅनच आहे ना, मग चालेल." सुपरहिरोंच्या गेमबाबतचा बहुतेक घोळ या वाक्यापासून सुरू होतो. तीन वर्षांच्या मुलाच्या टी-शर्टवर जो बॅटमॅन असतो, तोच मोठ्यांसाठी काढलेल्या गेमच्या खोक्यावरही असतो. पात्र एक असलं तरी गेम वेगवेगळे स्टुडिओ बनवतात, वेगवेगळ्या वयासाठी बनवतात, आणि खोक्याच्या दर्शनी बाजूवर तो फरक जवळजवळ दिसत नाही.

पात्र पाहून किंवा मालिका पाहून घेणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महागात पडते. बॅटमॅनचंच घ्या. २००८ सालच्या 'लेगो बॅटमॅन'ला ईएसआरबीने (गेमना वयाचा शेरा देणारी अमेरिकेतली संस्था) 'एव्हरीवन १०+' म्हणजे १० वर्षांवरील मुलांसाठी असा शेरा दिला. त्यात मार खाल्लेलं पात्र ठोकळ्यांमध्ये सुटं होतं, बिल्ले (गेममधली नाणी) उधळतात आणि क्षणात ते पात्र पुन्हा उभं राहतं. बॅटमॅनच्याच 'अर्खम' मालिकेतले 'अ‍ॅसायलम' (२००९), 'सिटी' (२०११) आणि 'ओरिजिन्स' (२०१३) हे तिन्ही गेम 'टीन' म्हणजे १३ वर्षांवरील. त्याच मालिकेतला 'अर्खम नाइट' (२०१५) मात्र थेट 'मॅच्युअर', १७ वर्षांवरील.

आता नेहमी काय घडतं ते पाहा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने लेगो संपवलेला असतो, त्याला आणखी बॅटमॅन हवा असतो. घरचे दुकानात जातात आणि 'नवा म्हणजे चांगला' या हिशोबाने 'अर्खम नाइट' उचलतात. गेम सुरू होतो तो खलनायक जोकरच्या मृतदेहापासून. मृतदेह भट्टीत आहे आणि पडद्यावर बटण दाबायची सूचना येते. दहन खेळणाऱ्याच्या हातून होतं. पुढच्या प्रसंगात तुम्ही एका पोलिसाच्या नजरेतून एका हॉटेलात शिरता. तिथे भीतीचा वायू सुटतो, साधी गिऱ्हाइकं राक्षसासारखी दिसू लागतात आणि गोळ्या सुटतात. बॅटमॅन शहरावरून पहिली झेप घेण्याआधीच हे सगळं होऊन जातं. मूल घाबरतं, खोका कपाटात जातो, घरात बॅटमॅनच बंद होतो आणि नाव खराब होतं गेमचं. गेम उत्तम आहे, पण तो नऊ वर्षांच्या मुलासाठी बनवलेलाच नव्हता.

म्हणून शेरा गेमचा पाहायचा, मालिकेचा नाही. आधीचा भाग चालला म्हणून पुढचा चालेल असं धरू नका. मुलं मोठी होतात तसे स्टुडिओही मालिकेला मोठं करत नेतात, आणि त्यांचा वेग तुमच्या मुलाच्या वाढीशी जुळेलच असं नाही.

फक्त आकडा वाचणं

आकडा वाचणारे लोक निदान काहीतरी वाचतात, म्हणून त्यांच्यावर राग कमी. पण आकडा एकटा फारसं सांगत नाही. २०१८ चा 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' अमेरिकेत 'टीन' आहे, तर पेगी या युरोपातल्या वयाच्या शेऱ्याच्या पद्धतीत १६. गेम तोच, तफावत तीन वर्षांची. कारण दोघांची मोजपट्टी वेगळी आहे. माणसांवरची हिंसा खऱ्या आयुष्यात दिसेल तशी दिसू लागली की पेगी १६ वर जातं. ईएसआरबी रक्त किती, भाषा कशी, विषय कुठला याचा एकत्र विचार करतं आणि थोडंसं रक्त 'टीन'मध्ये चालवून घेतं. दोन आकड्यांची सरासरी काढून १४ ठरवणारे लोक भेटतात. तसं करू नका. मूल १३ च्या खाली असेल तर दोन्ही आकडे 'थांबा' असंच सांगताहेत, आणि वरचं असेल तर आता आकडा सोडून मजकूर वाचायची वेळ आली.

मजकूर म्हणजे शेऱ्याखालचे बारीक शब्द: हिंसा, रक्त, भाषा, मादक पदार्थांचा उल्लेख, भीती. ईएसआरबीच्या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकलं की बऱ्याच गेमसाठी एक परिच्छेद मिळतो. मारामारी कशी आहे, कुठल्या प्रसंगात रक्त दिसतं, कुठले शब्द कानावर पडतात, हे त्यात साध्या वाक्यांत असतं. वाचायला दोन मिनिटं लागतात. एवढा वेळ नाही म्हणणाऱ्यांनी गेम पुढच्या महिन्यात घ्यावा, काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट. हा आकडा गेम सोपा की अवघड हे सांगत नाही. पेगी ३ असलेला गेमही लहान मुलाला अजिबात न जमणारा असू शकतो. उलट बाजूने, काठिण्य 'ईझी'वर टाकल्याने गेम लहान मुलांचा होत नाही. शत्रू लवकर पडतात एवढंच. प्रसंग, संवाद, मृत्यू सगळं जसंच्या तसं राहतं.

ट्रेलरवरून ठरवणं

ट्रेलर विकण्यासाठी असतो. त्यात उड्या आणि विनोद दिसतात. मुलाला रडवणारा प्रसंग त्यात सहसा नसतो. स्पायडर-मॅनच्या त्याच गेममध्ये मारामारीचा धसका घेण्याचं फारसं कारण नाही. गच्चीवरून ढकललेला गुंडसुद्धा खाली आपटत नाही, तो आपोआप जाळ्याने भिंतीला चिकटलेला दिसतो. स्टुडिओने ही काळजी मुद्दाम घेतली आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. पण मध्यावर एका समारंभात बॉम्बस्फोट होतो, माणसं मरतात, एका मुलाचा बाप जातो. शेवटाकडे नायकाच्या अगदी जवळच्या माणसाचा मृत्यू पूर्ण तपशिलात आहे. घरात नुकतं कुणी गेलं असेल, तर तेरा वर्षांच्या मुलालाही हा शेवट जड जाईल. ठोसे मोजून गेम पारखणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच सुटतं.

ट्रेलरऐवजी यूट्यूबवर कुणी बडबड न करता खेळलेला पूर्ण गेम शोधा आणि त्यातले चारच तुकडे पाहा: सुरुवातीची वीस मिनिटं, मधला एखादा मोठा खलनायक, शेवटचा अर्धा तास, आणि नायक हरतो तेव्हा काय दिसतं ते.

हा चौथा तुकडा जवळजवळ कुणीच पाहत नाही, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. नवशिकं मूल पुन्हा पुन्हा हरतं. म्हणजे हरल्यावरचा पडदा हाच त्याला अख्ख्या गेममध्ये सर्वांत जास्त वेळा दिसणारा प्रसंग असतो. 'अर्खम अ‍ॅसायलम'मध्ये बॅटमॅन पडला की खलनायक थेट कॅमेऱ्याजवळ तोंड आणून हिणवतो. जोकरशी झुंजताना दहा वेळा हरलेल्या मुलाने ते तोंड दहा वेळा पाहिलेलं असतं. लेगोच्या गेममध्ये हरणं म्हणजे थोडे बिल्ले गमावून तिथेच परत उभं राहणं. दोन्हीत बॅटमॅनच आहे, पण रात्री डोळे मिटल्यावर काय दिसेल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

'अ‍ॅसायलम'चाच आणखी एक प्रसंग सांगतो, कारण तो शेऱ्यातल्या शब्दांवरून कळणार नाही. शवागारात बॅटमॅन प्रेतं ठेवलेल्या पिशव्यांची चेन उघडतो आणि आतून त्याचे मेलेले आईवडील बोलू लागतात. रक्त नाही, मारामारी नाही. 'हिंसा किती' या प्रश्नाचं उत्तर इथे शून्य येतं. 'माझ्या मुलाला अंधार, प्रेतं, आईवडिलांचं मरण सोसतं का' हा प्रश्न वेगळा आहे आणि तो घरच्यांनीच सोडवायचा असतो. काही मुलं रक्त पाहून हसतात आणि अशा पिशवीपाशी गार पडतात.

सुपरहिरोंच्या एकास एक झुंजीच्या गेमचंही असंच. 'इन्जस्टिस' मालिकेत प्रत्येक पात्राचा एक खास भयंकर प्रहार असतो, तोंडावर, छातीवर, अगदी संथ गतीत. कथा दोन-तीन बैठकांत संपते, ते प्रहार मात्र शेकडो वेळा दिसतात. तेव्हा कथा पाहू नका, ते प्रहार पाहा.

ऑनलाइन भाग विसरणं

शेरा गेममधल्या मजकुरावर मिळतो. समोरून माइकवर कोण काय बोलेल, यावर शेरा देता येत नाही. म्हणूनच ईएसआरबी 'युजर्स इंटरॅक्ट' (खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात) असं वेगळं लिहितं, आणि पालक नेमका तोच शब्द वगळून पुढे जातात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'मार्व्हल रायव्हल्स' हा सहा विरुद्ध सहाचा फुकट गेम आहे. पात्रं रंगीत, मारामारी कार्टूनसारखी. पण संघातले बाकीचे पाच जण अनोळखी, आणि हरत असलेल्या संघात लोक काय बोलतात ते खेळणाऱ्यांना माहीत आहे. बारा वर्षांच्या मुलाने एक चूक केली की शिव्या त्यालाच.

उपाय सोपा आहे. पहिल्या दिवशीच गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन व्हॉइस चॅट बंद करा, मजकुराचं चॅटही बंद करा. माइक काढून ठेवणं पुरेसं नाही, कारण ऐकू येणं त्याने थांबत नाही.

'फुकट' या शब्दावरही विसंबू नका. पैसे स्किनमधून (पात्राचे नवे पोशाख), बॅटल पासमधून (खेळत राहून बक्षिसं मिळवायचा विकतचा पास), काही मोबाइल गेममध्ये 'आत काय निघेल' ते न कळणाऱ्या पेट्यांमधून येतात. शेऱ्यात 'इन-गेम पर्चेसेस' लिहिलेलं असतं. त्यापुढे 'रँडम आयटम्स' असेल तर तो गेम लहान मुलाला देऊच नये असं माझं ठाम मत आहे, पात्र कितीही गोड असो.

मोठ्यांच्या खात्यावर खेळायला देणं

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच या गेम खेळायच्या सगळ्या यंत्रांत पालकांसाठी नियंत्रणं आहेत: वयाची मर्यादा, खर्चाची मर्यादा, वेळ, संपर्क. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर ती मुलाच्या नावाच्या खात्याला लागू होतात, स्विचवर मात्र बहुतेक मर्यादा अख्ख्या यंत्राला लागतात. मूल बाबांच्या प्लेस्टेशन खात्यावर खेळत असेल तर त्याला काहीच लागू होत नाही आणि कार्डही तिथेच जोडलेलं असतं. मुलाचं वेगळं खातं काढायला अर्धा तास जातो. जन्मतारीख खरी टाका. घाईत खोटी टाकलेली तारीख पुढे बदलताना फार त्रास होतो.

काही छोट्या गोष्टी:

मुलाला संवादांची भाषा कळत नाही म्हणून चालेल, हे खरं नाही. किंकाळी आणि रडणं कुठल्याही भाषेत कळतं.

'वर्गातले सगळे खेळतात' हे कारण म्हणून ऐका, पुरावा म्हणून नको.

घरात कुणाला प्रकाशाच्या लखलखाटाने झटके येत असतील तर गेमच्या सुरुवातीची सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुपरहिरोंच्या गेममध्ये विजा आणि स्फोट फार.

इमारतींमधून झोके घेताना मळमळत असेल तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचं हलणं आणि मोशन ब्लर (वेगात चित्र धूसर होणं) कमी करा, पडद्यापासून लांब बसा.

'पाच मिनिटांत बंद कर' म्हणण्याआधी गेम कुठे सेव्ह होतो ते पाहा. मोहिमेच्या मध्ये बंद केलं तर मूल मागच्या चेकपॉइंटवर जातं, ऑनलाइन सामना मध्येच सोडला तर संघाचं नुकसान होतं आणि काही प्रकारांत दंडही बसतो. वेळ घड्याळाने सांगण्यापेक्षा 'ही मोहीम झाली की बंद' असं सांगितलं तर भांडणं निम्म्याने कमी होतात.

आधी स्वतः खेळून न पाहणं

पहिला दीड तास मोठ्यांनी खेळावा, एकट्याने, मूल झोपल्यावर. स्टीमवर (संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) घेतला असेल तर यात व्यवहाराचाही फायदा आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या खाली असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशन स्टोअरवर तसं नाही. तिथे गेम डाउनलोड करायला सुरुवात केली की साधारणपणे परतीचा मार्ग बंद होतो, त्यामुळे तिथे यूट्यूबवरची पाहणी आधीच उरकायची. डिस्क घेतली असेल तर ती मित्राला देता येते किंवा विकता येते, म्हणून शंका असलेला गेम डिस्कवरच घ्यावा.