मुंबई-लंडन किती तास? तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करू नका

आधी विमानतळ नक्की करा, नुसतं शहर नको. लंडनला हीथ्रो आहे, गॅटविक आहे, आणखीही आहेत. हीथ्रोचा कोड एलएचआर, मुंबईचा बीओएम. हे दोन कोड अंतर मोजणाऱ्या कुठल्याही साइटवर टाकले की साधारण ७,२०० किलोमीटर येतं. झालं अंतर.

ते भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणलात तर तो बलुचिस्तान, इराण, काळा समुद्र असा वर चढत युक्रेनला शिवून जातो. सर्वांत जवळची वाट तीच, पण विमान तिथून जाईलच असं नाही. युक्रेनचं आकाश २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने हवाई हद्द बंद केली होती, तेव्हाही वळसे पडले. म्हणून ७,२०० ला ताशी ८५० ने भागून आलेले साडेआठ तास कुणाला सांगत बसू नका.

खरा वेळ तिकिटातून काढायचा, आणि घोळ होतो तो इथेच. माझाही झाला. आई पहिल्यांदा लंडनला निघाली. दुपारी दीडला उड्डाण, संध्याकाळी साडेसहाला पोच. मी ऐटीत सांगितलं, "पाच तास गं!" विमानातलं जेवण तिला चालत नाही, म्हणून तिने दोनच दशम्या बांधून घेतल्या. पाच तासांनी तिने चपला चढवल्या, पर्स मांडीवर घेतली आणि शेजारच्या बाईंना विचारलं, "आलं का लंडन?" अजून साडेचार तास बाकी होते. हे मला आजही ऐकवलं जातं.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. "दोन घड्याळांतला फरक जाताना मिळवा, येताना वजा करा" हा सल्ला मला मुळीच पटत नाही. ऐन वेळी उलटंच होतं. दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा, मग वजाबाकी करा. जुलैत लंडन साडेचार तास मागे, म्हणजे तिथले साडेसहा म्हणजे आपले रात्रीचे अकरा. दीड ते अकरा, साडेनऊ तास. हिवाळ्यात मात्र फरक साडेपाच तासांचा. ब्रिटनचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, तेव्हा त्या आठवड्यातलं तिकीट असेल तर तारीख बघूनच हिशेब करा.

हा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा. धावपट्टीवर रांगेत उभं राहणं त्यातच आलं.

परतीचा हिशेब वेगळा करा. उंचावरचे पश्चिमी वारे येताना पाठीशी असतात, त्यामुळे बहुतेक वेळा प्रवास तास-पाऊण तासाने कमी भरतो. आणि "+१" दिसला तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. घ्यायला येणाऱ्याला तीच कळवा.